मॉरिशसची खानेसुमारी आणि ‘भाषा’ नावाचा रकाना

उष्ण कटिबंधातील लहान द्वीपराष्ट्रांची माहिती देणारे ग्रंथ चाळले, तर त्यांची मांडणी बहुधा एकाच क्रमाने झालेली आढळते. आरंभी अक्षांश-रेखांश, क्षेत्रफळ आणि पर्जन्यमान. त्यानंतर लोकसंख्या व तिची धर्मवार-भाषावार कोष्टके. आणि शेवटी कोणत्या साली कोणाचे निशाण तेथे फडकले याची यादी. तीन खणांची ही पेटी हाताळण्यास सोपी असते. अडचण एवढीच, की मधल्या खणातील आकडे हे बाकीच्या दोन खणांपासून स्वतंत्रपणे जमविलेले आहेत, असा वाचकाचा समज होतो. प्रत्यक्षात ते तसे नसतात. कोणास मोजावयाचे, कोणत्या नावाखाली मोजावयाचे आणि कोणता प्रश्न विचारून मोजावयाचे, याचा निर्णय भूगोलाने व इतिहासाने आधीच करून ठेवलेला असतो. मॉरिशस बेटाच्या खानेसुमारीतील ‘भाषा’ या रकान्याचे या दृष्टीने परीक्षण करावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हे बेट निवडण्याचे कारण उघड आहे. त्या रकान्यात ‘मराठी’ हे नाव आढळते आणि आपण ते फार लवकर ओळखीचे मानतो.

या घाईचा दोष प्रस्तुत लेखकाकडेही आहे, हे प्रथमच कबूल केलेले बरे. काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गात मराठीच्या भौगोलिक विस्ताराविषयी बोलताना मॉरिशसमधील ‘मराठी भाषकां’ची संख्या मी फळ्यावर लिहिली होती. तास संपल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, की हे लोक घरी मराठी बोलतात की त्यांचे पणजोबा बोलत असत? मी पुन्हा कोष्टक उघडले. मी घेतलेला आकडा पणजोबांचा होता.

प्रथम भूगोल पाहू, कारण आकड्यांचा छेद तेथूनच ठरतो. मॉरिशसचे मुख्य बेट दक्षिण अक्षांश २० च्या आसपास, मादागास्करच्या पूर्वेस हिंदी महासागरात आहे. ज्वालामुखीच्या उद्रेकातून ते निर्माण झाले असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर आहे. मध्यभागी क्यूरपीपच्या परिसरातील पावसाळी पठार, भोवती ऊस पिकविणारी सखल भूमी, आणि बहुतेक किनाऱ्यालगत प्रवाळाची कडा अशी त्याची रचना आहे. सर्वांत उंच शिखर ८२८ मीटरांचे. रॉद्रिग हे दुसरे वस्तीचे बेट पूर्वेस साडेपाचशे किलोमीटरांहून अधिक दूर असून आगालेगा उत्तरेस सुमारे हजार किलोमीटरांवर आहे. ही सर्व मिळून प्रजासत्ताकाचे क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर सांगितले जाते.

परंतु हा आकडा वाटतो तितका निर्वाद नाही. १९६५ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्या तीनच वर्षे आधी, ब्रिटनने चागोस द्वीपसमूह मॉरिशसपासून तोडून वेगळा केला, आणि १९६८ ते १९७३ या काळात तेथील रहिवाशांना हलवून मॉरिशस व सेशेल्स येथे आणून सोडले. दिएगो गार्सिया या त्यांच्या बेटावर लष्करी तळ उभा राहिला. ही विभागणी कायदेशीर नव्हती, असा अभिप्राय आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २५ फेब्रुवारी २०१९ रोजी दिला, आणि सार्वभौमत्वाविषयीच्या करारावर ब्रिटन व मॉरिशस यांनी २२ मे २०२५ रोजी सह्या केल्या. क्षेत्रफळाच्या नेहमीच्या आकड्यात चागोस धरलेले नसते. चागोसहून आलेली माणसे मात्र लोकसंख्येच्या आकड्यात आहेत. भाषेच्या रकान्यात तर ती ओळखूही येत नाहीत, कारण त्यांची क्रिओल ही सरसकट ‘क्रिओल’मध्येच मिळून जाते. भूमी एका हिशेबात आणि माणसे दुसऱ्या हिशेबात असली, म्हणजे कोष्टक दिसावयास कितीही नीटनेटके असो, त्याच्या बेरजेविषयी मनात किंतु राहतोच.

स्थलनामांविषयी येथे फार लिहीत नाही. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. एवढेच नोंदवावे, की या बेटावर मूळची मनुष्यवस्ती नव्हती. १५९८ मध्ये डच आले, त्यांनी नासाऊच्या मॉरिस राजपुत्राचे नाव बेटास दिले, १६३८ मध्ये वसाहत केली, आणि १७१० मध्ये ते कायमचे निघून गेले. डोडो पक्ष्याचा वंश त्यांच्याच काळात संपला. जावाहून आणलेली हरणे आणि ऊस मात्र मागे राहिले. पिटर बोथ या पर्वताचे नाव डच, माएबूर व पाम्प्लेमूस ही फ्रेंच, आणि ग्रां बासाँ या सरोवरास हिंदूंनी दिलेले नाव गंगा तलाव. सारांश, या बेटावरील प्रत्येक भाषा बाहेरून आलेली आहे. अपवाद एकच, आणि तोच पुढील विवेचनाच्या केंद्रस्थानी आहे.

फ्रेंचांनी १७१५ मध्ये बेटाचा ताबा सांगितला, १७२१ पासून वसती केली आणि त्यास ‘ईल द फ्रांस’ म्हटले. १७३५ मध्ये गव्हर्नर म्हणून आलेल्या माए द ला बूर्दोनेने पोर्ट लुई बंदरास रूप दिले. या वसाहतीचा श्रमभार मादागास्कर, आफ्रिकेचा पूर्व किनारा आणि काही प्रमाणात हिंदुस्थान येथून आणलेल्या गुलामांवर होता. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले, आणि १८१४ च्या पॅरिसच्या तहाने ते त्यांच्याकडे राहिले. या बेटाचे पहिले मोठे सांख्यिकीय वर्णन ज्याने लिहिले, तो बॅरन द्यूनियेन्व्हिल वसाहतीच्या दप्तराचा प्रमुख होता. १८३१ मध्ये तो वारला आणि त्याचा ग्रंथ पॅरिसमध्ये १८३८ साली प्रसिद्ध झाला. गोरे, स्वतंत्र रंगीत लोक आणि गुलाम हे त्या काळच्या गणनेचे तीन वर्ग. पण गुलामगिरी कायद्याने १८३५ मध्येच संपली होती. म्हणजे ग्रंथ छापखान्यातून बाहेर पडला तेव्हा त्यातील सर्वांत मोठ्या वर्गाचे नाव कायद्याच्या दृष्टीने नाहीसे झालेले होते. जो वर्ग लुप्त होत आहे त्याची खानेसुमारी सर्वांत काटेकोर असते, हा योगायोग पुढेही एकदा भेटणार आहे.

गुलामांच्या जागी करारबद्ध हिंदी मजूर आले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलास’ जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईस उतरले. ज्या धक्क्याच्या परिसरात या मजुरांची नोंद होत असे तो आज ‘आप्रवासी घाट’ म्हणून ओळखला जातो. २००६ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेरपर्यंत चालू राहिलेल्या या व्यवहारात साडेचार लाखांच्या आसपास माणसे आली. त्यांची वर्गवारी करताना लेखनिकांनी भाषा पाहिली नाही, बंदर पाहिले. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई असे तीन रकाने पडले. मुंबईचा रकाना तिन्हींत लहान. रत्नागिरी, कुलाबा यांसारख्या कोकणपट्टीच्या मुलुखातून गेलेले लोक त्यात आले, परंतु मुंबईस जहाजात चढलेला प्रत्येक जण मराठी बोलणारा होता, असे समजण्यास आधार नाही. आजची ‘मराठी’, ‘तमिळ’, ‘तेलुगू’ ही नावे या बंदरांच्या रकान्यांवर मागाहून बसविलेली आहेत.

येथे ‘अॅटलास’वरील त्या ३६ जणांकडे थोडे थांबून पाहणे इष्ट आहे. कागदपत्रांत त्यांना ‘धांगर’ म्हटले आहे. आपल्या वाचकांस हा शब्द फसवील. मेंढरे राखणाऱ्या आपल्याकडील धनगरांशी त्यांचा संबंध नाही. कलकत्त्याच्या मजूर-दलालांच्या बोलीत छोटा नागपूरच्या डोंगराळ भागातील आदिवासींना हे नाव होते. त्या प्रदेशात कुडुख ही द्राविड कुलातील आणि मुंडारी ही मुंडा कुलातील भाषा बोलल्या जातात. म्हणजे ज्या प्रवासाची सुरुवात आज राष्ट्रीय स्मरणाचा भाग झालेली आहे, त्यातील पहिल्या तुकडीची भाषा बहुधा ना भोजपुरी होती, ना हिंदी, ना मराठी. पूर्वजांच्या भाषेच्या प्रसिद्ध कोष्टकांत कुडुख वा मुंडारी यांना स्वतंत्र रकाना मात्र नाही.

आता प्रत्यक्ष प्रश्नाकडे वळू. मॉरिशस १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झाले. राज्यघटनेच्या पहिल्या परिशिष्टात चार समाज मानलेले आहेत: हिंदू, मुसलमान, चिनी-मॉरिशियन आणि ‘सामान्य लोक’. चौथ्याची व्याख्या निषेधरूप आहे. जीवनपद्धतीवरून जो पहिल्या तिहींपैकी कोणत्याही समाजाचा दिसत नाही, तो सामान्य. व्याकरणात ‘शेष’ या संज्ञेखाली उरलेले सर्व काही येते, तसाच हा शेषवर्ग आहे. त्यात साखर-कारखान्यांचे गोरे मालकही बसतात आणि गुलामांचे वंशजही. ही केवळ शब्दांची गंमत नाही. निवडणुकीत ६२ सभासद निवडून आल्यानंतर ज्या समाजास प्रतिनिधित्व कमी मिळाले असेल त्याच्या पराभूत उमेदवारांतून आठांपर्यंत जागा भरण्याची तरतूद घटनेत आहे, आणि तिचा हिशेब समाजवार लोकसंख्येवर होतो. १९८२ च्या घटनादुरुस्तीने समाजाचा प्रश्न खानेसुमारीतून काढून टाकला. हिशेबासाठी मात्र १९७२ चीच गणना धरण्यात आली. समाज सांगण्यास नकार देणाऱ्या उमेदवारांचा अर्ज फेटाळणे योग्य नाही, असे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने २०१२ मध्ये म्हटले, आणि २०१४ च्या निवडणुकीपुरती त्यातून सूट देण्यात आली. पण आकडे १९७२ चेच राहिले. त्या साली मोजलेल्यांपैकी कितीतरी माणसे आज हयात नाहीत. त्यांची जातवारी मात्र जिवंत आहे.

समाजाचा प्रश्न गेल्यावर त्याचे काम कोणी करावयाचे? ते भाषेने केले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. १९८३, १९९० आणि २००० च्या खानेसुमाऱ्यांत भाषेविषयी दोन निराळे प्रश्न दिसतात: पूर्वजांची भाषा कोणती, आणि घरी सामान्यतः कोणती भाषा बोलता. पहिल्याच्या उत्तरांत हिंदी, तमिळ, तेलुगू, मराठी, उर्दू, अरबी, चिनी असा विस्तृत पट दिसतो. दुसऱ्याच्या उत्तरांत तो झपाट्याने आक्रसतो. मराठीपुरते पाहिले तर पूर्वजांची भाषा म्हणून तिचे नाव सांगणारे लोक घरी ती बोलणाऱ्यांच्या कित्येक पट आहेत. १९८३ च्या गणनेत मुसलमानांपैकी मोठ्या संख्येने पूर्वजांची भाषा अरबी असल्याचे लिहिले. त्यांचे पूर्वज बहुतांशी बिहारच्या खेड्यांतून आणि गुजरातेतून आलेले होते, आणि अरबी त्यांच्यापैकी क्वचितच कोणाची मातृभाषा असेल. पुढील गणनांत यांतील बरेच जण पुन्हा उर्दूकडे वळले. भाषेचा पूर्वज दर दहा वर्षांनी बदलतो, तेव्हा प्रश्न वंशावळीचा राहिलेला नसतो.

याहून बोलका पुरावा धर्माच्या कोष्टकात आहे. तेथे हिंदूंच्या पोटविभागांत सनातनी, आर्यसमाजी, कबीरपंथी यांच्या ओळीत ‘तमिळ’, ‘तेलुगू’ आणि ‘मराठी’ ही नावे येतात. आपणांस हे वाचून हसू येते. पण हसण्याआधी विचार करावा, की उत्तर देणाऱ्याने खोटे सांगितलेले नाही. त्याच्या अनुभवात मराठी म्हणजे एक देऊळ, गणेशोत्सव, जाखडीचा नाच, लग्नातील विधी आणि एक मंडळ. बोलण्याचे काम दुसरीच भाषा करते. भाषेचे नाव उरले आहे आणि ते ज्या गोष्टीस लागू पडते ती बदलली आहे. आपल्या शास्त्रात हा अर्थसंक्रमणाचा साधा दाखला होईल. दोष आहे तो त्या कोष्टकाला बोलणाऱ्यांची मोजदाद म्हणून वाचणाऱ्याचा.

हा भेद कागदावरचा नव्हे, हे १९९८ मध्ये ठळकपणे दिसून आले. मॉरिशसच्या मध्यवर्ती बँकेने त्या वर्षी काढलेल्या नव्या नोटांवर तमिळ मजकूर हिंदीच्या खाली गेला. पूर्वीच्या नोटांवर तो वर होता. तमिळ समाजाचा युक्तिवाद असा, की आपले पूर्वज फ्रेंच काळातच बेटावर आले, उत्तर हिंदुस्थानी मजूर त्यानंतर. प्रक्षोभ इतका झाला की नोटा मागे घ्याव्या लागल्या. नोटेवरील तमिळ अक्षरे वाचता येणारे किती, हा प्रश्न त्या वादात फारसा कोणी विचारला नाही. जहाज केव्हा लागले हाच प्रश्न होता.

आता तो अपवाद. पूर्वजांच्या भाषेत ‘क्रिओल’ असे उत्तर देणारेही पुष्कळ आहेत. बेटावर उतरलेल्या कोणाही गुलामाची, मजुराची वा मालकाची भाषा क्रिओल नव्हती. ती अठराव्या शतकात याच मास्कारेन बेटांच्या परिसरात घडली. तिचा प्रथम आकार शेजारच्या रेयुनियनमध्ये झाला की मॉरिशसवर स्वतंत्रपणे, यावर रोबेर शोदाँसाँ आणि फिलिप बेकर यांचा दीर्घ वाद झाला. त्या वादात शिरण्याचे येथे कारण नाही. महत्त्वाचे हे, की एकाच रकान्यात इतरांनी जहाजाचे उत्तर दिले आणि यांनी बेटाचे दिले. ज्यांच्या पूर्वजांची मलागासी वा माकुवा भाषा गुलामगिरीत हिरावली गेली, त्यांना जहाजाचे उत्तर देताच येत नव्हते. रकान्याचे नाव एक असले तरी त्यात दोन निराळ्या जातींची उत्तरे बेरजेस घेतलेली आहेत.

आणि ही बेटाची भाषा दीर्घकाळ भाषाच मानली गेली नाही. शार्ल बेसाक याने १८८० मध्ये तिचे पहिले भरीव विवेचन लिहिले, पण शीर्षकात तिला ‘पात्वा’ म्हणजे गावंढी बोली म्हटले. मोडकी फ्रेंच, हा शेरा आजही कानी पडतो. तिची शब्दरचना पाहिली तर तो टिकत नाही. घरास ‘लाकाज’, पाण्यास ‘दिलो’, पक्ष्यास ‘झ्वाझो’. फ्रेंच उपपदे व त्यांचे अवशेष नामात कायमचे मुरले आहेत. ‘लाकाज’मधील ‘ला’ आता उपपद नाही, शब्दाचा पहिला अवयव आहे. क्रियापदास प्रत्यय लागत नाहीत. ‘मो मांझे’ या वाक्यात ‘ती’, ‘पे’, ‘पू’ हे निपात मध्ये घातले की अनुक्रमे भूत, चालू आणि भविष्य हे अर्थ येतात. ही मोडतोड नव्हे, स्वतःचे नियम असलेले व्याकरण आहे. २०११ च्या खानेसुमारीत घरी क्रिओल बोलणारे ८६.५ टक्के, फ्रेंच ४.१ टक्के, आणि इंग्रजी एक टक्क्याहूनही कमी निघाले. तथापि घटनेच्या ४९ व्या कलमानुसार विधिमंडळाची भाषा इंग्रजी, आणि सभासदास अध्यक्षांशी फ्रेंचमध्ये बोलण्याची मुभा. क्रिओलचा तेथे उल्लेख नाही. आर्नो कार्पूरान यांचा एकभाषी कोश २००९ मध्ये आला, आणि प्राथमिक शाळेत ऐच्छिक विषय म्हणून तिचा प्रवेश झाला तो २०१२ मध्ये. तेथेही ती हिंदी, उर्दू, तमिळ, मराठी इत्यादी ‘पूर्वजांच्या भाषां’च्या पंक्तीस पर्याय म्हणून बसली. सर्वांची भाषा शाळेत यावी तर तिला एका समाजाची भाषा होऊन यावे लागले. या बेटावरील भाषिक अन्यायाचे मूळ प्रस्तुत लेखकास येथे दिसते.

भोजपुरीचे उदाहरण आणखी निराळे आहे. २००० मध्ये घरी भोजपुरी बोलणारे १२.१ टक्के होते. २०११ मध्ये ५.३. अकरा वर्षांत केवळ म्हातारी माणसे वारल्याने भाषा निम्म्याहून खाली येत नाही. एका कुटुंबात आजी भोजपुरी बोलते, सून ती समजते व क्रिओलमध्ये उत्तर देते, नातवंडे क्रिओलच बोलतात. तक्त्यावर लिहावयाचे काय? पूर्वी अशा घराने ‘भोजपुरी’ लिहिले असेल, आता ‘क्रिओल’ लिहिले. बोलणे कदाचित तितके बदललेही नसेल. दोन भाषा बोलतो असे २०११ मध्ये फक्त १.४ टक्के लोकांनी सांगितले, आणि ज्या देशातील साधा दुकानदार सकाळपासून दुपारपर्यंत तीन भाषा वापरतो, तेथे हा आकडा प्रश्नाच्या घडणीचाच दोष दाखवितो. पूर्वजांच्या भाषेत मात्र भोजपुरीचे बरेच वंशज ‘हिंदी’ लिहितात. पॅट्रिक आयझेनलोर यांनी ‘लिटल इंडिया’ या २००६ च्या ग्रंथात या संस्थात्मक हिंदीच्या घडणीचे सविस्तर विवेचन केले आहे, ते आपल्या विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावे.

याचा अर्थ पूर्वजांच्या भाषेचा प्रश्न टाकाऊ आहे, असा घेऊ नये. काही टीकाकार तसे म्हणतात आणि ते मला पटत नाही. ज्या माणसाचा पणजा एका क्रमांकाने नोंदला गेला, ज्याच्या नावाचे हिज्जे फ्रेंच-इंग्रजी कानाच्या लेखनिकाने ठरविले, त्याने ‘मराठी’ हा शब्द दीड शतकाहून अधिक काळ जपला, ही भाषाशास्त्राबाहेरची पण खरी गोष्ट आहे. मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेत मराठीचे अध्यापन चालते ते या निष्ठेच्या बळावरच. निष्ठेचा आकडा निष्ठेचा म्हणून वाचावा, एवढेच म्हणणे. आपल्याकडील संमेलनांत ‘मॉरिशसमध्ये इतके हजार मराठी भाषक’ असे जे वाक्य टाळ्या घेते, ते त्या लोकांचा गौरव करीत नाही. बोलणारे थोडे उरले आहेत ही बातमीच ते लपविते, आणि जे थोडे उरले त्यांचे बोलणे टिपून घेण्याची निकड त्यामुळे कोणास जाणवत नाही. कोकणातून गेलेली, भोजपुरी व क्रिओलच्या शेजारात पाच-सहा पिढ्या राहिलेली ती मराठी कशी बोलली जाते, तिच्यात नपुंसकलिंग शिल्लक आहे का, ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतील भेद पाळला जातो का, याचे ध्वनिमुद्रित नमुने आपल्या विभागात एकही नाहीत. पुढील वर्षीच्या क्षेत्रीय अभ्यासाच्या यादीत मॉरिशसचा समावेश व्हावा असा अर्ज मी विभागाकडे दिला आहे. त्यासोबत जोडलेल्या कोष्टकात ‘पूर्वजांची भाषा’ आणि ‘घरातील भाषा’ असे दोन रकाने ठेवले आहेत. त्यांची बेरीज केलेली नाही.